पिकअपमध्ये रायफल ठेवावी का? (मदत हवी आहे, जरा घाई आहे)

ओसाड_पाटील
नमस्कार मंडळी. पाल्हाळ लावत नाही. पिकअपच्या मागच्या सीटखाली एक रायफल कायमची ठेवायचा विचार आहे, अडीअडचणीला असावी म्हणून. एआर (पुढची गोळी आपोआप भरणारी) घ्यावी की साधी, हाताने खिटी ओढायची बोल्ट अ‍ॅक्शन? उन्हात गाडी तापते, त्याने काडतुसांना काही होतं का? दुकानातला सेल शनिवारी संपतोय, तेव्हा त्याआधी सांगा. 'बंदूक हवीच कशाला' हे प्रवचन नको, ते घरी ऐकून झालंय.

मिरजमळा
कुठे राहता ते लिहा की आधी. भारतात असाल तर प्रश्नच मिटला.

तीस_तीस
एआर अजिबात नको. लिव्हर अ‍ॅक्शन, थर्टी-थर्टी काडतुसाची, दर बाराला खालची दांडी ओढायची. चपटी असते, खाली मॅगझिन लोंबत नाही, सीटमागे सहज मावते. इथले रँचवाले म्हातारे उगाच आयुष्यभर तीच बाळगत नाहीत. माझी पंधरा वर्षं जुनी आहे, अजून तक्रार नाही.

सिलिंडर_हेड
@तीस_तीस, धागा कुठलाही असो, तुमची लिव्हर आहेच. रानडुकरांचा कळप समोर आला तर पहिल्या बारानंतर खटक-खटक करेपर्यंत बाकीचे पसार. एआर घ्या, पाच-छप्पन्न (५.५६ मिमी), काडतुसं कुठेही मिळतात.

तीस_तीस
डुकरांचा विषय पाटलांनी काढलाच नाहीये. तुम्हीच बंदूक बघून शिकार शोधताय.

वकिलीणबाई
थांबा सगळे. पाटील, तीन गोष्टी सांगा. राज्य कुठलं? गाडी दिवसभर कुठे उभी असते? आणि तुमचा इमिग्रेशनचा दर्जा काय, नागरिक, ग्रीन कार्ड की व्हिसा? तिसऱ्याचं उत्तर येईपर्यंत बाकी चर्चेला अर्थ नाही.

ओसाड_पाटील
राज्य टेक्सस, अजून कुठलं असणार. ह्यूस्टनजवळ केटीला घर, कोलंबसच्या पुढे मित्राबरोबर भागीत दहा एकर जमीन. शुक्रवारी मुलीला शाळेतून घेऊन तसेच आय-टेन हायवेने निघतो, रविवारी परत. व्हिसाचा इथे काय संबंध? दुकानदाराने काही विचारलं नाही.

ह्यूस्टनी_चहा
टेक्सस असेल तर बिनधास्त. लांब बंदूक गाडीत ठेवायला परवाना वगैरे काही लागत नाही. २०२१ ला जो विनापरवाना बाळगण्याचा कायदा आला तो हँडगनचा, रायफलला आधीही लागत नव्हता. पूर्वी पिकअपच्या मागच्या काचेला आतून रॅक असायचा आणि त्यावर दोन बंदुका उघड्या लटकवून लोक शाळेच्या पार्किंगमध्ये यायचे.

वकिलीणबाई
ते दिवस गेले. शाळेच्या हद्दीपासून हजार फुटांत, म्हणजे साधारण तीनशे मीटरमध्ये, संघराज्याचा वेगळा कायदा लागतो. तिथून जायचं तर रायफल रिकामी आणि कुलूपबंद पेटीत किंवा गाडीतल्या कुलूपबंद रॅकमध्ये हवी. सूट आहे ती मुख्यतः राज्याचा परवाना असणाऱ्यांना किंवा खाजगी जागेत. मुलीला घ्यायला जाता ना? मग सीटखाली भरलेली रायफल विसरा.
आणि व्हिसा सांगा हो.

आळशी_उंट
अवांतर: खरी आणीबाणी म्हणाल तर फेब्रुवारी २०२१ चं वादळ आठवा. वीज गेली, पाईप फुटले, दुकानात पाव नाही. तेव्हा बंदूक कुणाच्या कामाची? फोर्डची एफ-१५० हायब्रिड पिकअप घ्या, त्यात ७.२ किलोवॅटपर्यंतचा जनरेटर मिळतो, फ्रीज आणि हीटर दोन्ही चालतात. मी घेतलाय, अजिबात पस्तावा नाही.

ओसाड_पाटील
अहो, मला पिकअप नको, आहे माझ्याकडे पिकअप! एच१बी (नोकरीचा तात्पुरता व्हिसा) आहे. पण ग्रीन कार्डासाठीची आय-१४० मंजूर आहे, प्रायॉरिटी डेट (रांगेतली जागा ठरवणारी तारीख) २०१४ ची. म्हणजे ग्रीन कार्ड झाल्यातच जमा.

ह्यूस्टनी_चहा
मग झालंच की. आय-१४० मंजूर म्हणजे सरकारने तुम्हाला मान्य केलंच आहे.

वकिलीणबाई
चहा, कृपा करा आणि असं काही लिहू नका, कुणीतरी खरं मानून बसेल. आय-१४० ही मालकाची याचिका असते. त्याने माणसाचा दर्जा बदलत नाही, हातात कार्ड येईपर्यंत पाटील एच१बीच. आणि एच१, एच४, एल१, एफ१ असे सगळे नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाचे, व्हिसावाले, यांना संघराज्याच्या कायद्याने बंदूकही आणि काडतुसंही ताब्यात ठेवायला बंदी आहे. टेक्सस कितीही मोकळं असो, हा कायदा त्याच्या वर बसतो. २०२२ पासून शिक्षा १५ वर्षांपर्यंत, आणि बंदुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली की हद्दपारीचं कलम वेगळं. तुमची २०१४ ची रांग तिथेच संपते.
दुकानदाराने विचारलं नाही कारण अजून फॉर्म भरला नाहीत. ४४७३ नंबरचा बंदूक-खरेदीचा फॉर्म समोर ठेवेल तेव्हा त्यात हा प्रश्न आहेच.

सिलिंडर_हेड
पण माझ्या ऑफिसातले दोघे एच१वर असून दर रविवारी नेमबाजीच्या रेंजवर जातात. तिथलीच भाड्याने घेतात.

वकिलीणबाई
हातात घेतली की ताबाच झाला, भाड्याची असो नाहीतर विकतची. त्यांच्याकडे हंटिंग लायसन्स असेल अशी आशा करूया.
कारण अपवाद आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर नॉन-इमिग्रंटला बंदूक घेता आणि ठेवता येते. दुकानदार त्याची प्रत फॉर्मसोबत ठेवतो. टेक्ससचं लायसन्स मात्र दरवर्षी ३१ ऑगस्टला संपतं. रात्री झोपताना रायफल कायदेशीर, आणि १ सप्टेंबरला सकाळी उठलात की तीच रायफल, तीच गाडी, पण तुम्ही गुन्हेगार. लोक मासेमारीचं लायसन्स विसरतात तसं हे विसरून चालत नाही.

तीस_तीस
पण रानडुकरांना २०१९ पासून लायसन्सच लागत नाही! खाजगी जमीन, मालकाची परवानगी, बस. इथे तर स्वतःचीच जमीन.

वकिलीणबाई
डुक्कर मारायला लागत नाही, बरोबर. पाटलांना ते रायफल हातात धरायला लागतं. नागरिकांना दिलेला सल्ला व्हिसावाल्यांना जसाच्या तसा चिकटवला की असा घोळ होतो. दरवर्षी कुणीतरी यात अडकतं.

ओसाड_पाटील
तुम्ही फारच घाबरवताय. मग सोपं आहे, भागीदार मित्र नागरिक आहे. त्याच्या नावावर घेऊ, पैसे मी देतो, राहील माझ्या गाडीत.

मिरजमळा
पाटील 😂 हे तर सातबारा चुलत्याच्या नावावर ठेवल्यासारखं झालं.

वकिलीणबाई
पैसे तुमचे, नाव त्याचं, हा २०२२ पासून स्वतंत्र संघराज्य गुन्हा आहे. त्यातही १५ वर्षांपर्यंत. आणि तुमच्या गाडीत राहिली की ताबा तुमचाच, तेव्हा दोघेही आत. मित्राने स्वतःसाठी घ्यावी, स्वतःच्या गाडीत किंवा शेतावर स्वतःच्या तिजोरीत कुलूप लावून ठेवावी, किल्ली त्याच्याकडे.
माझ्या भरवशावर काही करू नका. तुमच्या इमिग्रेशनच्या वकिलाला एक ईमेल टाका, एवढ्यासाठी तो पैसे घेतोच.

बारा_बोर_जुन्नर
इकडची गंमत सांगतो. आमच्याकडे वडिलांच्या नावावर पीक संरक्षणाची बारा बोर आहे. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती सांभाळायची, आचारसंहिता उठली की परत आणायची. उसात बिबट्या रोजचाच, पण १९७२ च्या कायद्याने तो अनुसूची एकमध्ये. त्यामुळे बंदूक घरात आणि आम्ही फटाके वाजवतोय. तुम्ही सीटखाली ठेवायच्या गोष्टी करताय, ऐकूनच मजा वाटली.

सुगरण_डल्लस
रानडुकराचं मटण तिकडे मिळतं का हो? आमच्या आजोळी मालवणी मसाला लावून करायचे. इथलं डुकराचं मांस फार पांचट लागतं.

सिलिंडर_हेड
@सुगरण, मारलेलं साफ करताना रबरी हातमोजे घालाच. इथल्या रानडुकरांत ब्रुसेलोसिस हा आजार आढळतो, माणसालाही होतो. आणि नीट शिजवा.

काळी_माती
मूळ प्रश्न राहिलाच. पाटील, 'अडीअडचण' म्हणजे नक्की काय? साप निघाला, डुकरं आली, की रात्री रस्त्यात गाडी बंद पडली? तिघांनाही वेगळं उत्तर आहे.

ओसाड_पाटील
डुकरं. पेकनच्या (अक्रोडासारखा सुका मेवा) रोपांची रांग लावली होती. शुक्रवारी गेलो तर खालची माती नांगरल्यासारखी उलटी, ठिबकची नळी चावून तुकडे केलेली, रोपं आडवी. आजूबाजूचे गोरे हसतात आणि 'शूट देम' म्हणून निघून जातात. साप एकदाच दिसला, तो पळाला.

काळी_माती
मग डुकरं रात्री दोन वाजता येतात आणि तुम्ही केटीला झोपलेले असता. पिकअपमधल्या रायफलचा त्यांना काय फरक पडणार? शनिवारी रात्री जागून दोन मारलीत तरी बाकीचा कळप शहाणा होतो आणि वेळ बदलतो. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाचे शेती विस्तारवाले सापळाच आधी सुचवतात, कळप सगळा एका वेळी धरायचा.

ह्यूस्टनी_चहा
किंवा हेलिकॉप्टर! २०११ पासून टेक्ससात हेलिकॉप्टरमधून डुकरं मारायला लोक पैसे भरून जातात. गंमत नाही, खरंच.

काळी_माती
दहा एकरांवर हेलिकॉप्टर, आणि पाटलांच्या पेकनला वाराच पाडेल.

ट्रकवाला_पप्पू
मी ग्रीन कार्डवर आहे, रायफल माझ्याकडे आहे, आणि तरी गाडीत ठेवत नाही. कारण कायदा नाही, चोर. आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये रात्री काच फोडून फक्त बंदुकाच नेतात, लॅपटॉप तसाच. मागच्या काचेवर बंदुकीच्या कंपनीचा स्टिकर लावला असेल तर तो चोरासाठी पत्ताच. ह्यूस्टनची हवाही बघा. एसीतून रायफल बाहेर काढली की बॅरलवर दव धरतं, पुसायचं विसरलं की थोड्याच दिवसांत बोल्टवर लालसर ठिपके. नवीन काडतुसं तापल्याने लगेच बिघडत नाहीत, पण महिनोन्महिने उन्हात भाजत ठेवायची वस्तू नव्हे. आणि ऑफिसचं काय? २०११ च्या कायद्याने टेक्ससात बहुतेक नोकरदारांना कुलूपबंद खाजगी गाडीत बंदूक ठेवता येते, पण शाळा, रिफायनरी, केमिकल प्लांट यांना त्यात अपवाद आहेत. तुम्ही कुठे कामाला?

ओसाड_पाटील
पासाडेनाला. रिफायनरी.

ट्रकवाला_पप्पू
घ्या! एचआरचं नियमपत्रक काढा. एच१वर नोकरी गेली तर दुसरी शोधायला साठच दिवस, तुम्हाला मी सांगायला नको.

तीस_तीस
एवढं सगळं असूनही माझं मत तेच. हंटिंग लायसन्स काढा, हंटर एज्युकेशनचा कोर्स करा, २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लागतोच, ऑनलाईन होतो. मग थर्टी-थर्टी घ्या आणि घरी तिजोरीत ठेवा. शेतावर जाताना न्या, येताना आणा. रिकामी, पेटीत. फक्त मेक्सिकोच्या बाजूला वळू नका. २०१४ ला एक माजी मरीन सीमेवर चुकून पलीकडे गेला, गाडीत तीन बंदुका, सात महिने तिथल्या तुरुंगात होता.

सिलिंडर_हेड
बघा, तिजोरीत ठेवायला सांगितली. म्हणजे ट्रक गन (गाडीतच ठेवायची बंदूक) नकोच हे मान्य. एआर.

ओसाड_पाटील
वकिलाला ईमेल टाकली. त्याचं उत्तर आलं, "लायसन्स हातात आल्याशिवाय दुकानात पाऊल टाकू नका" एवढंच, आणि वेळेचं बिल येईलच. रायफल तूर्त राहू द्या. काळी_माती, सापळ्याचं जरा नीट सांगा. दहा एकरांना केवढा लागतो?

काळी_माती
गोल कुंपणाचा, वर उघडा, तीस-पस्तीस फूट व्यासाचा. दार आधी लावू नका. आत मका टाका आणि दार उघडंच ठेवा, ट्रेल कॅमेरा (हालचाल झाली की आपोआप टिपणारा) लावा. पहिल्या काही रात्री दोन-तीन बाहेरच घुटमळतील, मग मोठी मादी आत जाईल, मग पिल्लं. कॅमेऱ्यात सगळा कळप आत दिसेपर्यंत दार पाडायचं नाही. घाई केली की उरलेली पुन्हा त्या जाळीकडे फिरकत नाहीत. कळप अडकला की पुढचं काम मित्राचं, नागरिक तोच आहे.

सुगरण_डल्लस
मटणाचं काय मग?