'स्पिन-ऑफ'ला मराठीत काय म्हणाल?

'चिअर्स' या अमेरिकी विनोदी मालिकेतला फ्रेझर क्रेन आठवतोय? 1984 साली, तिसऱ्या सीझनला, हा मानसोपचारतज्ज्ञ बॉस्टनच्या त्या बारमध्ये डायनचा प्रियकर म्हणून आला आणि तिथलाच होऊन बसला. 1993 मध्ये 'चिअर्स' संपली, त्याच वर्षी त्याची स्वतःची मालिका 'फ्रेझर' सुरू झाली. एका मालिकेतल्या पात्राला घेऊन निघालेल्या अशा वेगळ्या मालिकेला, म्हणजे स्पिन-ऑफला, मराठीत काय म्हणावं? मला 'उपमालिका' सुचतंय, पण 11 सीझन चाललेल्या मालिकेला 'उप' लावायला जीभ रेटत नाही.

— 'उप' नकोच. उपसंपादक, उपअभियंता... कुणाच्या तरी हाताखाली असणं आलंच. 'पोटमालिका' म्हणावं तर पोटभाडेकरू आठवतो. 'शाखामालिका'त पासबुक भरून मिळेल असं वाटतं.

— ऊसवाल्यांकडे तयार शब्द आहेत की! मूळ कोंबाशेजारी त्याच हंगामात येतो तो फुटवा. ऊस तुटून गेल्यावर त्याच बुडख्यांतून पुढचं पीक घेतात तो खोडवा. 'ऑल इन द फॅमिली' (1971–79) जोरात असतानाच त्यातल्या एडिथच्या नात्यातली मॉड 1972 मध्ये स्वतःच्या मालिकेत वेगळी निघाली, हा फुटवा. मॉडकडची कामवाली फ्लोरिडा 1974 मध्ये 'गुड टाइम्स'मध्ये गेली, म्हणजे फुटव्याला फुटवा. 1975 मध्ये शेजारचे जेफरसनही क्वीन्स सोडून मॅनहॅटनच्या उंच इमारतीत राहायला गेले आणि मूळ मालिकेपेक्षा दोन सीझन जास्त टिकले. 'फ्रेझर' मात्र खोडवा.

— खोडव्याचं उत्पन्न नव्या लागवडीपेक्षा कमी पडतं हो. 'फ्रेंड्स'नंतरची 'जोई' दोन सीझनांत आटोपली, तिला शोभेल. 'फ्रेझर'ला 37 एमी पुरस्कार मिळाले, तिला खोडवा म्हणणं अन्याय आहे.

— जोई मुळात मुख्य सहांतला, दुय्यम पात्र नव्हे. पण शब्द चालेल. नामाचा एवढा अट्टहास कशाला, हा माझा प्रश्न. क्रियापद घरातच आहे: वेगळी चूल मांडणे. त्यात नातं राहतं, हिशेब मात्र वेगळा. 'चिअर्स'मध्ये फ्रेझरने सांगून टाकलं होतं की वडील शास्त्रज्ञ होते, वारले. स्वतःच्या मालिकेत तेच वडील निवृत्त पोलीस निघाले आणि आपली जुनाट आरामखुर्ची घेऊन त्याच्या चकचकीत फ्लॅटमध्ये मुक्कामाला आले. पुढे 'चिअर्स'मधला बारवाला सॅम फ्रेझरच्या नव्या गावी, सिॲटलला आला, त्याने नेमकं हेच विचारलं. मग काय, वडिलांशी भांडण झालं होतं, रागात बोललो, अशी सारवासारव! लेखकांनी आपल्याच गफलतीतून विनोद काढला.

— पटलं. मी लिहिताना 'फ्रेझरने वेगळी चूल मांडली' असं लिहीन, नाम लागलंच तर 'फुटवा'. 'खोडवा' तेवढा 'जोई'साठी राखून ठेवू.