अनुभव धागा : लहान मुलांना ऐकवण्यासाठी बडबडगीतांची ध्वनिमुद्रणे कशी शोधलीत?

निवांत_दुपार
कपाट आवरताना जुन्या कॅसेटचा खोका हाती लागला. त्यातली एक लावली, तर गाणे सुरू होण्यापूर्वीची खरखर ऐकूनच पुढचे शब्द ओठांवर येऊ लागले. भाचीसाठी असेच काही शोधायला गेले, तेव्हा बहुतेक ठिकाणी चित्रफितीच सापडल्या. त्यांत गाणे चित्रामागे धावत असते आणि वाद्यांच्या गर्दीत शब्द हरवून जातात. निव्वळ ऐकण्याजोगी गाणी तुम्ही कशी मिळवलीत आणि निवडताना काय पाहिलेत, ते कृपया लिहावे.

चिमणपाखरू
माझी कसोटी सोपी आहे. पडद्याकडे पाठ करून गाणे एकदा ऐकायचे आणि पहिले कडवे लिहून काढायचे. जे मला लिहिता येत नाही, ते मुलाला कुठून उमगणार? एकच आवाज, एखाद-दुसरे वाद्य आणि संथ लय असलेली गाणी आमच्याकडे टिकली. सुरुवातीचे वाद्यसंगीत फार लांबले, तर गायिकेने तोंड उघडण्यापूर्वीच आमची जुळी दुसऱ्या खोलीत पोहोचलेली असतात.

रात्रपाळी
बाळ खांद्यावर आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. निवडलेली गाणी जुन्या फोनमध्ये उतरवून घ्या आणि त्या फोनचे इंटरनेट बंद ठेवा, कारण अंगाई संपता संपता जी जाहिरात किंचाळते, तिच्यामुळे तासाभराची मेहनत वाया जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत एक वर्षाखालील मुलांना पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी तो दिवसाला तासाभरापेक्षा अधिक नसावा, असे म्हटले आहे. त्यामुळे आमच्याकडे फोन पालथाच असतो.

जुना_ठेका
ताई, तो खोका टाकून देऊ नका, तुमचा शोध तिथेच संपू शकतो. अनेक वर्षे पडून राहिलेली कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन पुन्हा मागे गुंडाळावी, म्हणजे फितीचा ताण सारखा होतो. प्लेअरचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने पुसावे आणि ते वाळल्यावरच कॅसेट घालावी. त्यानंतर प्लेअर तारेने संगणकाच्या ध्वनी-इनपुटला जोडून ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण बाजू एका दमात मुद्रित करावी आणि गाणी नंतर सुटी करावीत. मूळ प्रत वॅव्ह स्वरूपात जपून ठेवावी, तर रोजच्या वापरासाठी एमपीथ्री पुरे. खरखर काढण्याचा फार हव्यास धरू नये, कारण तिच्याबरोबर गाणाऱ्याच्या आवाजातले बारकावेही पुसले जातात. (एवढे सांगूनही माझे धाकटे बंधू खरखर काढतातच, आणि मग गायिका पाण्याखालून गात असल्यासारखी वाटते.)

कोपऱ्यातला_वाचक
विषय थोडा मागे नेतो. एडिसनने 1877 मध्ये फोनोग्राफची चाचणी घेताना म्हटले होते ते मुलांचे गाणेच होते, आणि 1890 मध्ये त्याने पोटात ध्वनियंत्र बसवलेल्या, बडबडगीते म्हणणाऱ्या बाहुल्या बाजारात आणल्या. यंत्र नाजूक होते आणि आवाज कर्कश, म्हणून त्या लवकरच मागे घ्याव्या लागल्या. त्यांतली काही ध्वनिमुद्रणे आज ऐकायला मिळतात, पण ती झोपण्यापूर्वी लावू नयेत, असा माझा प्रेमळ सल्ला आहे.

चिमणपाखरू
@कोपऱ्यातला_वाचक, मी आत्ताच एक ऐकले. मुले शांत झोपली आहेत, मी मात्र जागी आहे.

शब्दपाल
मोफत संग्रहांबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून सांगते. 2005 मध्ये सुरू झालेल्या लिब्रीव्हॉक्सवर स्वयंसेवकांनी वाचलेल्या बालकविता विनामूल्य मिळतात. वाचकागणिक दर्जा बदलतो, त्यामुळे आधी स्वतः ऐकावे. पारंपरिक गाण्याचे शब्द सर्वांचे असले, तरी त्याच्या नव्या ध्वनिमुद्रणावर स्वतंत्र हक्क असू शकतो. घरात ऐकण्याची गोष्ट वेगळी, पण ते स्वतःच्या नावाने इतरत्र चढवण्यापूर्वी परवाना तपासलेला बरा.

सांजवेळ
आमच्या मुलीने व्यावसायिक संचांपैकी एकही पूर्ण ऐकला नाही. शेवटी तिच्या आजोबांनी फोनवर मुद्रित करून पाठवलेली गाणी चालली. त्यांत मध्येच खोकला आहे, एक ओळ विसरल्याचे हसू आहे आणि त्या जागी तीही न चुकता हसते. फोन तोंडापासून वीतभर दूर धरावा आणि पंखा बंद करावा, इतकीच तयारी पुरते.

निवांत_दुपार
सर्वांचे मनःपूर्वक आभार. @सांजवेळ, आईला आजच विचारते. ती गाण्यात स्वतःच्या ओळी घालते, हे मात्र भाचीच्या आईला आधी सांगावे लागेल. @जुना_ठेका, माझ्या प्लेअरवर गाणी संथ होत जातात, तर दोष फितीचा असेल की यंत्राचा?

जुना_ठेका
दुसरी कॅसेट लावून पाहा. तीही रेंगाळली, तर आतला रबरी पट्टा सैल झालेला असण्याची शक्यता अधिक आहे, आणि तो बदलता येतो.