ज्वालामुखीच्या तळ्यापर्यंत घरच्यांसोबत चालत: तुमचे अनुभव लिहा

मंडळी, गडावर आपण ताजेतवाने असताना चढतो आणि दमल्यावर उतरतो. विवरातल्या तळ्याचं सगळं उलटं असतं. आधी उतार लागतो, सगळे गप्पा मारत फोटो काढत खाली जातात, आणि खरी चढण परतीला, तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं असतं, पोरं भुकेजलेली असतात आणि मोठ्यांचे गुडघे बोलायला लागतात. म्हणून घरच्यांना घेऊन जाणाऱ्यांचे अनुभव एका जागी यावेत असं फार वाटतंय. सुरुवात मी करते.

आम्ही ओरेगॉनमधल्या क्रेटर लेकला गेलो, सासूसासरे साताऱ्याहून आले होते तेव्हा. बेंडला मुक्काम केला, तिथून गाडीने दोनेक तास, त्यामुळे एका दिवसात आरामात जमलं. माझामा नावाचा ज्वालामुखी साधारण 7,700 वर्षांपूर्वी फुटला, पोटातला लाव्हा बाहेर पडल्यावर डोंगराचा माथाच आत बसला आणि त्या खड्ड्यात नुसतं बर्फाचं नि पावसाचं पाणी साठत गेलं. खोली 594 मीटर, अख्ख्या अमेरिकेत सगळ्यात खोल. सासरे पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, त्यांचा पहिला प्रश्न, पाणी येतं कुठून आणि जातं कुठे? एकही नदी आत येत नाही की बाहेर पडत नाही हे त्यांना पटेचना. मग तिथल्या रेंजरताईंनी नीट समजावलं की वरून जेवढं पडतं साधारण तेवढंच वाफ होऊन आणि झिरपून जातं. नदीच नाही म्हणून गाळ नाही, आणि पाणी इतकं स्वच्छ आणि खोल म्हणून तो निळा रंग, फोटोत येतो त्याहून कितीतरी गडद.

काठापर्यंत उतरायला क्लीटवुड कोव्ह ही एकच वाट, एका बाजूने 1.1 मैल पण उतार जवळजवळ 700 फुटांचा. सासूबाई वरच थांबल्या, त्यांच्यासोबत माझा नवरा. आम्ही बाकीचे खाली गेलो, पोरांनी त्या गारठ्यात उड्या मारल्या, आणि चढताना सासरे प्रत्येक वळणावर थांबून मागे बघत होते, घाई कुणीच केली नाही. नंतर सगळे मिळून रिम ड्राइव्ह केला, तळ्याभोवती वरून फिरणारा 33 मैलांचा रस्ता आहे आणि जागोजागी गाडी थांबवून बघता येतं, त्यामुळे सासूबाईंचं काही चुकलं नाही. निघण्याआधी ट्रेल उघडी आहे का ते बघाच, जूनपर्यंत बर्फ असतं आणि मध्येच दुरुस्तीसाठीही बंद ठेवतात.

*

आम्ही सिंगापूरला असतो, पूर्व जावातल्या कावाह इजेनला गेलो होतो, दोन्ही मुली कॉलेजात. बान्यूवांगीहून अंधारातच निघायचं, वरपर्यंत चढण तीनेक किलोमीटरची. तळं फिरोजी रंगाचं, दिसायला देखणं पण पाणी म्हणजे तीव्र आम्ल आहे, जवळ जायचंसुद्धा नाही. तिथे गंधक काढणारे कामगार खांद्यावर कावड घेऊन, दोन टोपल्यांत सत्तर-ऐंशी किलो गंधक, त्या धुरातून वर येतात. मुली एकदम गप्प झाल्या. वाटेत त्यांना आधी जाऊ द्या, उभे राहून रस्ता अडवू नका आणि फोटो काढायचा तर विचारून काढा. रात्री दिसणाऱ्या निळ्या ज्वाळा बघायला बरेच लोक विवरात उतरतात, आम्ही उतरलो नाही. वाऱ्याची दिशा बदलली की गंधकाचा धूर सरळ अंगावर येतो, मास्क असला तरी खोकला थांबत नाही, माझ्या मते लहान मुलं किंवा दमेकरी सोबत असतील तर काठावरूनच बघावं. तेवढंही भरपूर आहे.

*

आमचा मुलगा तीन वर्षांचा, त्यामुळे आइसलंडमधलं केरिद. सगळ्यात सोपं! गाडीतळाच्या अगदी शेजारी, तांबडी माती, मधे हिरवट निळं पाणी, कडेने फेरी मारा नाहीतर पायऱ्यांनी खाली जा. वारा मात्र भयंकर, बाळाला कानटोपी हवीच.

*

माझं माहेर मेहकर, म्हणून लोणारबद्दल लिहिते. लोणार ज्वालामुखीचं नाही, उल्केने झालेलं आहे, पण आजूबाजूला सगळा काळा बसाल्ट असल्याने कितीतरी वर्षं जाणकारसुद्धा ज्वालामुखीच म्हणत होते, मग आघाताने झालेली काच सापडली तेव्हा प्रश्न मिटला. साधारण 1.8 किलोमीटर रुंद विवर, पाणी खारं आणि साबणासारखं बुळबुळीत. 2020 च्या जूनमध्ये गुलाबी झालं होतं, खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे, तेव्हा सगळ्या देशाने बघितलं आणि त्याच वर्षी रामसर यादीतही, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आलं. आम्ही आई, मावश्या, भाचरं सगळे धारेच्या, म्हणजे गोमुखातून पडणाऱ्या झऱ्याच्या, बाजूने उतरतो, वाटेत जुनी देवळं, माकडं, मोर, आणि खाली कमळजा देवी. आईचं वय झालंय पण देवीला जायचं म्हटलं की ती सगळ्यांच्या पुढे. हिवाळ्यात जा, सकाळी लवकर उतरा, प्यायचं पाणी वरूनच न्या आणि प्लास्टिक परत आणा, अभयारण्य आहे ते. वर आल्यावर गावातलं दैत्यसूदन मंदिर नक्की बघा, लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं, बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं बघायलाच तास जातो.