मुलांच्या वॉर्डात कुपोषणाच्या धोक्याची तपासणी: कोणतं साधन वापरावं?

आहारतज्ज्ञ_ठाणे:
मुलं कळवा-मुंब्र्यापासून शहापूर-मुरबाडपर्यंतची येतात. दाखल करताना वजन लिहिलं जातं, पण धोका कोणाला आहे हे त्यावरून ठरत नाही. धोका ओळखायच्या फॉर्मांपैकी कोणता घ्यावा: स्ट्राँगकिड्स, पिम्स की स्टॅम्प? सिस्टरांच्या हाताला आधीच भरपूर काम आहे.

बालरोग_ऐरोली:
स्ट्राँगकिड्स घ्या. पिम्स आणि स्टॅम्पला वजनाबरोबर उंचीही लागते, आणि झोपून असलेल्या मुलाची उंची राहूनच जाते. स्ट्राँगकिड्समध्ये चारच प्रश्न. मूल बघताक्षणी खंगलेलं दिसतं का: १ गुण. हृदयरोग, कर्करोग, भाजणं, मोठी शस्त्रक्रिया यांसारखं जास्त धोक्याचं कारण: २. गेल्या काही दिवसांत खाणं कमी, दिवसाला ५ किंवा जास्त जुलाब, किंवा ३ पेक्षा जास्त उलट्या: १. वजन घटलं, किंवा वर्षाच्या आतल्या बाळाचं वाढलंच नाही: १. शून्य म्हणजे कमी धोका, १ ते ३ मध्यम, ४-५ जास्त. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलं असेल तर ते 'खाणं कमी' यात धरू नका. कमी धोक्याच्या मुलाचीही आठवड्याने पुन्हा तपासणी हवीच, कारण खाणं बऱ्याचदा वॉर्डात आल्यावर तुटतं.

वाशी_सिस्टर:
हा फॉर्म वजनकाट्याची जागा घेत नाही. काटा शून्यावर आणा, डायपर काढा, हाताला सलाइनची पट्टी असेल तर तशी नोंद करा. जुलाबाने सुकलेल्या बाळाचं वजन पाणी भरून निघाल्यावर पुन्हा घ्या. सूज असेल तर वजन खोटं जास्त दिसतं, म्हणून दोन्ही पावलांवर अंगठा दाबून खळगा राहतो का बघा. ६ ते ५९ महिन्यांच्या मुलाचा दंडघेर घ्यायला मिनिटभर पुरतं: खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडून, टेप न आवळता. ११.५ सेंमीच्या खाली तीव्र कुपोषण, मग गुण कितीही येवोत.

आहारतज्ज्ञ_ठाणे:
आईला आधीचं वजन आठवत नाही, तेव्हा?

वाशी_सिस्टर:
माता-बाल संरक्षण कार्ड मागा. ते घरी राहिलं असेल तर फोटो मागवा किंवा अंगणवाडी सेविकेकडून नोंद घ्या. तेही नसेल तर कपडे, करदोटा सैल झालाय का विचारा. 'नीट जेवतो का?' याला उत्तर 'हो'च येतं. 'काल सकाळपासून काय काय, किती वाट्या?' असं विचारा.

बालरोग_ऐरोली:
एक कळकळीची सूचना. ४-५ गुण आले की त्याच दिवशी डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ दोघांना कळवायचं हे आधी लेखी ठरवा, नाहीतर फॉर्म फायलीतच राहतो. आणि फार खंगलेल्या मुलाला लगेच भरपूर कॅलरी देऊ नका: रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने उतरतं, हृदयावर ताण येतो. तीव्र कुपोषणात सुरुवात एफ-७५ ने (अशा मुलांसाठीचं कमी कॅलरीचं खास दूध), दर २-३ तासांनी थोडं थोडं, रात्रीसुद्धा. रात्रीचं फीड चुकलं तर साखर उतरते.