नाइट ड्युटी + पोस्ट बेसिक, डोकं बंद पडल्यासारखं झालंय. कोणी यातून गेलंय का?

केळीवाली_सिस्टर:
नमस्कार सगळ्यांना, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), वय २६, जळगावला एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत चार वर्षं झाली. पोस्ट बेसिक बीएस्सीला (डिप्लोमानंतरची नर्सिंगची डिग्री) ॲडमिशन घेतलीय, फर्स्ट इयर चालू आहे. म्हणजे कसं की रात्री ८ ते सकाळी ८ ड्युटी, ओव्हर (पुढच्या शिफ्टला पेशंटची माहिती) देऊन निघेपर्यंत पावणेनऊ, रूमवर येऊन आंघोळ, कधी कधी नुसतं तोंड धुवायचं आणि कॉलेज. चारला सुटायचं, दोन-अडीच तास झोप, उठून डबा भरायचा की परत ड्युटी. महिन्याला अशा १४ नाइट. ॲडमिशन घेताना वाटलं दोनच वर्षं तर आहेत, रेटून नेऊ.

घर यावल तालुक्यात. पप्पांचा केळीचा बाग कापणीवर आलेला असताना मागच्या जूनमध्ये वादळात आडवा झाला, तेव्हापासून कॉलेजची फी माझी मीच भरते आणि भावाच्या आयटीआयची पण. म्हणून ड्युटी सोडता येत नाही.

आता खरं सांगते, जे रूममेटला पण पूर्ण सांगितलं नाही. गेल्या गुरुवारी पहाटे ४ ला बेड ६ च्या आजोबांना रेग्युलर इन्सुलिन १२ युनिट द्यायचं होतं. व्हायल (इन्सुलिनची बाटली) १०० ची होती आणि मी ट्रेमधून सिरिंज घेतली लाल टोपणाची. नर्सिंगवाल्यांना लगेच कळेल. मी १२ च्या रेघेपर्यंत ओढलं, बबल काढला, बेडजवळ गेले, स्पिरिट स्वॅब पण लावला. शेजारच्या बेडजवळ ड्युटीवर असलेला ब्रदर (पुरुष नर्स) म्हणाला ताई टोपण बघ. बस एवढंच. मी बेसिनजवळ जाऊन सिरिंज रिकामी केली, परत भरली, दिलं, चार्टवर सही केली आणि हात थरथरत होते तरी मला भीती अशी वाटलीच नाही, काहीच वाटलं नाही. ते जास्त भयानक आहे.

आणि अजून एक. आधी पेशंट गेला की मी बाथरूममध्ये जाऊन रडायची. आता पेशंट गेला की डोक्यात पहिलं काय येतं तर बॉडी पॅक करायला अर्धा तास जाणार, त्यात नोट्स राहिल्यात. मी अशी नव्हते हो. बायोकेमिस्ट्रीचं पान उघडलं की अक्षरं नुसती दिसतात, वाचली जात नाहीत. आई म्हणते नोकरी सोड, पप्पा काहीच म्हणत नाहीत, ते जास्त लागतं. कोर्स सोडू का? की सगळ्यांचं असंच असतं आणि मीच नाटकं करतेय?

धुळ्याचा_ब्रदर:
ताई नाटकं नाहीत ही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, लाल टोपणाची सिरिंज ४० ची म्हणजे एका मिलीत ४० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी आणि केशरी टोपणाची १०० ची, एका मिलीत १०० युनिटवाल्यासाठी. १०० च्या व्हायलमधून लाल सिरिंजमध्ये १२ च्या रेघेपर्यंत ओढलं तर ते ०.३ मिली होतं म्हणजे ३० युनिट, अडीचपट डोस. पहाटे चारला म्हाताऱ्या माणसाची शुगर किती खाली गेली असती विचार करा. हे तुम्हाला घाबरवायला नाही सांगत, हे सांगतोय की झोप नसली की हुशारी उपयोगाला येत नाही. तुम्हाला टोपणाचा रंग माहीत होता ना? होताच. तरी झालं.

मी पण धुळ्याला ड्युटी करत पोस्ट बेसिक केलं. माझी सगळ्यात मोठी चूक अशी की मी झोप उरलेल्या वेळात बसवायचो, आधी ड्युटी मग कॉलेज मग फाईल आणि मग उरलं तर झोप, आणि उरतच नाही भो काही. नंतर उलटं केलं. ४.३० ते ७ ही झोप पक्की धरली, ऑफच्या दिवशी पण तीच वेळ, मग बाकी झोप पुढे-मागे झाली तरी शरीराला एक खुंटी मिळते. वॉर्डात दोघं असाल तर आळीपाळीने २०-२५ मिनिटं डोळे मिटा, इन्चार्जला सांगून, चोरून नाही. त्यापेक्षा जास्त झोपलात तर उठल्यावर अजून जड होतं. उठल्यावर लगेच औषध भरायला जायचं नाही, दहा मिनिटं चालायचं, तोंडावर पाणी मारायचं. चहा रात्री २ नंतर बंद. कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात, पहाटे ५ ला कडक चहा मारायचा आणि सकाळी झोप येत नाही म्हणून रडायचं हे मी वर्षभर केलंय.

आणि आपल्याकडचा मे महिना. ४४-४५ डिग्रीत पत्र्याच्या रूममध्ये दिवसा झोपायचं म्हणजे भट्टीत झोपणं. कूलर नसेल तर दोघी-तिघी मिळून घ्या, खिडकीला काळा कपडा लावा, मोबाईल बाहेरच्या खोलीत ठेवा. मी पोत्याचं बारदान ओलं करून खिडकीला टांगायचो, वास येतो पण झोप लागते.

जुनी_मेट्रन:
वाचलं सगळं. राग मानू नका पण आमच्या वेळी आम्ही सलग नाइट करायचो, एका वॉर्डला ४० पेशंट आणि सिस्टर एक, त्यातच लग्न, बाळंतपणं, सासू-सासरे सगळं केलं. बर्नआउट शब्द पण माहीत नव्हता. आजकालच्या मुलींना थोडं काही झालं की मोबाईलवर लिहायचं. नर्सिंग म्हणजे सेवा आहे, मन घट्ट करायचं. इन्सुलिन डबल चेक करायचं हा साधा नियम आहे, तो का पाळला नाही?

अमळनेरकर_७:
मेट्रन ताई तुमच्याबद्दल आदर आहे पण ४० पेशंटला एक सिस्टर ही अभिमानाची गोष्ट नाही, ती तक्रार करायची गोष्ट होती. माझी आई तुमच्याच पिढीतली सिस्टर. रिटायर झाली तेव्हा बीपी, शुगर, दोन्ही गुडघे गेलेले आणि आजही रात्री २ ला उठून बसते, म्हणते कोणाची तरी सलाइन संपली असेल. डबल चेकला दुसरा माणूस लागतो, तो असला तर चेक होणार ना. इथे दुसरा ब्रदर होता म्हणून आजोबा वाचले.

आणि बर्नआउट शब्द नवीन फॅड नाही. डब्ल्यूएचओने २०१९ मध्ये त्यांच्या आजारांच्या यादीच्या ११ व्या आवृत्तीत घेतलाय, तो पण आजार म्हणून नाही तर कामामुळे होणारी अवस्था म्हणून. तीन खुणा दिल्यात, शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्याला काम जमत नाही असं वाटणं. केळीवाली ताईने वर जे लिहिलंय ते वाचा, तिन्ही आहेत. बॉडी पॅक करायचा विचार पहिला येणं म्हणजे ताई वाईट झाली असं नाही, मनाने फ्यूज उडवलाय जळू नये म्हणून.

सातपुड्याची_माय:
व माय तुनी हालत वाचीसन डोयामा पानी उनं. पहिले झोप, मंग बाकी. दोन घास टाईमवर खास का नही तू? ड्युटीवर बिस्किट खाईसन दिवस काढू नको. सुट्टीना दिन घर जाय, मायना हातनी कळण्यानी भाकर खाय अन् काहीच न बोलता आडी पड. फाईल-बिईल घर नेवानी नही.

पाटी_आणि_पेन:
मी नर्सिंग कॉलेजला ट्यूटर आहे (कुठल्या ते नको), म्हणून कॉलेजच्या बाजूने लिहिते. विद्यार्थी सगळ्यात शेवटी येऊन सांगतात आणि तोपर्यंत हातात काही उरलेलं नसतं. थिअरीला ८० टक्के अटेंडन्स लागते आणि क्लिनिकलची पोस्टिंग (हॉस्पिटलमधलं प्रॅक्टिकल) तर शंभर टक्के पूर्ण करावी लागते, तेव्हा दांड्या मारून झोप काढायचा रस्ता घेऊ नका, तो वर्षाच्या शेवटी गळ्याशी येतो. आजच जाऊन क्लास कोऑर्डिनेटर मॅडमना भेटा आणि तुमचं ड्युटी रोस्टर दाखवा. "मॅडम मला त्रास होतोय" एवढंच म्हणालात तर त्या म्हणतील सगळ्यांनाच होतो. रोस्टर कागदावर दाखवलं की समोरच्याला मोजता येतं.

फाईलवर्कचं सांगते. मुली केअर प्लॅन रात्री जागून, जुन्या फाईलवरून सुवाच्य अक्षरात उतरवतात, लाल-निळ्या पेनाने चौकटी मारतात, आणि व्हायव्हाला विचारलं की पेशंटला काय होतं तर गप्प. चौकटीला मार्क नसतात हो. क्लिनिकलला असताना पेशंटजवळच कच्चं लिहा, त्याच दिवशी फेअर करा, दोन पानांत बसत असेल तर पाच पानं करू नका. बायोकेमिस्ट्रीला घाबरू नका, तुम्ही आयसीयूत रोज एबीजी (धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी) बघता, आम्ल-क्षार संतुलन तुम्ही पुस्तकवाल्या पोरींपेक्षा चांगलं सांगाल, फक्त ते धड्याशी जोडलेलं नाही कोणी तुमच्यासाठी.

आणि एक ठामपणे सांगते, १४ नाइट आणि रेग्युलर कोर्स हे गणितातच बसत नाही. तुम्ही कितीही मन घट्ट केलं तरी दिवस २४ तासांचाच. काहीतरी कमी करावंच लागेल आणि माझ्या मते ते कॉलेज नाही, नाइट आहेत. पैसे कमी येतील, मान्य आहे. इन्सुलिनची घटना इन्चार्जला लेखी द्या. नियर मिस (होता होता टळलेली चूक) लिहून देणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे, उद्या दुसऱ्या पोरीच्या हातात तीच सिरिंज येणार आहे.

भुसावळ_लोकल:
सरकारी नोकरीत असता तर अध्ययन रजेचा अर्ज करता आला असता, खाजगीत तेवढं पण नाही. बाकी वरचे सगळे बोललेत, मी एकच. माझंही असंच झालं होतं, मी झोप, डबा, रोस्टर सगळं नीट केलं तरी सहा आठवडे तसंच. शेवटी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.२ आणि थायरॉइड पण वर. आपण दिवसभर दुसऱ्यांचं रक्त काढतो आणि स्वतःचं वर्षानुवर्षं नाही. सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), टीएसएच (थायरॉइडची), बी१२ करून घ्या, तुमच्याच लॅबमध्ये होईल.

आणि सुट्टीच्या दिवशी पण काहीच बरं वाटत नसेल, खावंसं वाटत नसेल, किंवा ड्युटीला जाताना असं वाटत असेल की गाडीखाली आले तर बरं होईल, तर ते नुसता थकवा समजू नका. टेली मानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) नंबर १४४१६, चोवीस तास चालू, फुकट, मराठीत बोलतात. मी केलाय फोन, हॉस्पिटलच्या जिन्यात बसून, पंधरा मिनिटं नुसती रडले आणि पलीकडच्या बाईंनी रडू दिलं.

केळीवाली_सिस्टर:
सगळ्यांना किती धन्यवाद देऊ. माय तुमचं वाचून खरंच रडायला आलं, बऱ्याच दिवसांनी. @भुसावळ_लोकल गाडीखाली वगैरे नाही वाटत, पण एकदा स्टेशनच्या पुलावर उभं राहून वाटलं होतं की कुठल्याही गाडीत बसावं आणि जिथे जाईल तिथे जावं. ते चालतं का?

भुसावळ_लोकल:
ते मला दर सोमवारी वाटतं 😅 पण मनात ठेवू नका, असं बोलत राहा. वाढलं तर नंबर आहेच.

केळीवाली_सिस्टर:
(२४ दिवसांनी) अपडेट द्यायला आले. मॅडमना रोस्टर दाखवलं, त्या बघत बसल्या आणि म्हणाल्या तू हे आठ महिने करतेयस? क्लिनिकलची बॅच बदलून दिली, आता नाइटच्या दुसऱ्या दिवशी सलग पोस्टिंग येत नाही. हॉस्पिटलमध्ये मात्र भांडण झालं. आधी म्हणाले स्टाफ नाही, नाइट कमी होणार नाहीत, जमत नसेल तर रिझाइन द्या. मी पण म्हटलं ठीक आहे देते, खरं तर पोटात गोळा आला होता. दोन दिवसांनी बोलावून ८ नाइटवर आले. पगार साडेपाच हजाराने कमी. पप्पांना फोनवर सांगितलं तर थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले पिलबाग (जुन्या केळीच्या पिलांवरचा बाग) चांगला धरलाय यंदा, भावाच्या फीचं मी बघतो, तू झोपत जा. म्हणजे त्यांना माहीत होतं सगळं.

नियर मिस लिहून दिलं. इन्चार्ज सिस्टर आधी चिडल्या, मग त्यांनीच आयसीयूतल्या ४० च्या सिरिंज सगळ्या उचलून स्टोअरला परत पाठवल्या, आता फक्त केशरी. हिमोग्लोबिन ९.४ निघालं, गोळ्या चालू आहेत, संडास काळी होते बाकी ठीक.

सगळं छान झालं असं नाही. परवा बेड २ ची बाई गेली, माझ्याच वयाची, तेव्हा पण आधी घड्याळच बघितलं. पण नंतर तिच्या आईला पाणी दिलं आणि जरा वेळ तिथेच बसले, नोट्स राहिल्या तर राहिल्या. मागच्या रविवारी ११ तास झोपले, रूममेटने दोनदा नाकाजवळ हात लावून बघितला म्हणे. बायोकेमिस्ट्री अजून डोक्यात जात नाही. कोणाकडे जुन्या नोट्स आहेत का, झेरॉक्सचे पैसे देईन.

जुनी_मेट्रन:
माझ्या भाचीच्या आहेत, मागच्या वर्षी पास झाली. अक्षर घाण आहे पण बरोबर आहे सगळं. गुरुवारी मी जळगावला डॉक्टरकडे येतेय, नवीन बस स्टँडवर चारला ये. झेरॉक्सचे पैसे नको. येताना जेवून ये, नाहीतर राहू दे, भरीत-पुरी आणते.