नान-खलिया एकोणीस जणांना: जुन्या शहरात बसून की बांधून?

लातूरकर: पंचवीस जण लातूरहून रविवारी संभाजीनगरला येतोय. दिवसा वेरूळ, संध्याकाळी जुन्या शहरात नान-खलिया, म्हणजे भट्टीतले नान अन् मांसाचा पातळ रस्सा. सहा जण शाकाहारी आहेत, दोघांचे गुडघे दुखतात. एकत्र बसायला जागा मिळेल का, की बांधून मुक्कामी न्यावं? तिथं दोन शेगड्या आहेत.

सिटीचौक: गाडी शहागंजात घालू नका, अडकेल. गुलमंडीच्या बोळात तर तुमचा टेम्पो वळणारच नाही. बाहेर कुठं तरी लावा अन् रिक्षांनी शहागंजातल्या घड्याळाच्या मनोऱ्यापाशी उतरा. गुडघेवाल्यांना कमी चालावं लागेल. पंचवीस जणांना एका टेबलाची आशा धरू नका. पाच-सहाचे गट करा, साडेसातच्या आत पोचा. नंतर देगेतला (मोठ्या हंड्यातला) चांगला माल संपतो, तळाचा रस्सा खारट अन् आटलेला लागतो.

ऑर्डरच्या आधी मांस विचारा. बऱ्याच ठिकाणी खलिया बड्याचा, म्हणजे म्हशीवर्गाचा असतो, मटणाचा हवा असेल तर तसं स्पष्ट सांगा. रमजान चालू असेल तर बेत इफ्तारीनंतरचा ठेवा.

शाकाहारींना दालचा (डाळीचा रस्सा) सुचवला तर आधी विचारा, त्यात बहुधा मटण असतं. त्यांचं जेवण दुसऱ्या ठिकाणी उरकून शेवटी सगळ्यांनी गुलमंडीवर इमरतीला भेटावं. उडीद डाळीची आहे, जिलबी समजू नका. गरमच खा, गार झाली की पाक घट्ट होतो.

चुलीवरची: भाऊ, शेगड्या आहेत तर नान विकत आणा अन् खलिया घरी करा. नानला भट्टी लागते, तव्यावर ते जमत नाही. माणशी दोन धरा, एकोणीस जणांना चाळीस.

मटण हाडासकट चार किलो. दीड किलो कांदा उभा चिरून लालसर तळा, वाटा. सुकं खोबरं ३०० ग्रॅम, खसखस १०० ग्रॅम, थोडी चारोळी कोरडी भाजून वेगळी वाटा. खसखस तासभर भिजवलीच पाहिजे, नाहीतर रस्सा कणीदार होतो. आलं-लसूण ३०० ग्रॅम, तिखट १२० ग्रॅम, धने पूड १०० ग्रॅम, हळद दोन चमचे, तेल साधारण ७०० मिली, दही पाऊण किलो.

खडा मसाला, आलं-लसूण, तिखट, मग मटण. पाणी न घालता वीस मिनिटं परता. दही घोटून घ्या, आच अगदी कमी करा अन् पळीपळीनं सोडा. उकळत्यात एकदम ओतलं तर फाटतं. त्यानंतर वाटणं घालून कडेनं तेल सुटेपर्यंत परता. सगळी गंमत इथंच आहे. बहुतेकजण घाई करतात अन् मग विचारतात, तर्री कामून आली नाही. शेवटी पाच लिटर पाणी, पण उकळतं. मंद आचेवर दीड-दोन तास. रस्सा पातळच हवा, नान बुडवून खायचा असतो. घट्ट झाला की ते नुसतं मटण-मसाला.

लातूरकर: नान दोन तास आधी आणले तर?

सिटीचौक: चालतील. प्लास्टिकच्या पिशवीत मात्र घालू नका, वाफेनं लगदा होतो. सुती कापडात गुंडाळून टोपलीत ठेवा. कडक वाटले तर पाण्याचा हलका हात फिरवून तापल्या तव्यावर झाकण ठेवून मिनिटभर. मायक्रोवेव्हात नको, रबर होतं.

देवगिरी: एक जोड. तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, त्याच्या लष्करी भटारखान्यातून हा पदार्थ आला असं शहरात सांगतात. रस्सा पातळ अन् नान टिकाऊ का, ते त्यावरून पटतं. पण रविवारी वेरूळहून येताना किल्ला चढायचा मोह आवरा. गुडघेवाले मग शहागंजात पोचत नाहीत.