मदत हवी: लाँगआर्म मशीनवर टाके सुटतायत, दोरा पिसवटून तुटतोय (कोल्हापूर)

पेठेतली_लेक
नमस्कार. लाँगआर्म क्विल्टिंग मशीन आहे. आठवडा झाला, टाके सुटतायत आणि वरचा दोरा पिसवटून तुटतोय. दोऱ्याचं टेन्शन वर-खाली करून झालं, बॉबिन बदलली, चार वेळा परत ओवलं. आठ वाकळांची ऑर्डर आहे, श्रावण संपायच्या आत द्यायच्यात. दोन झाल्या, तिसरी फ्रेमवर अडकून पडलीय. इंग्रजी व्हिडिओ बघून डोळे गेलेत, तेव्हा लिंका नकोत. काय करू तेवढं सांगा.
शिवाय लीडरचं, म्हणजे फ्रेमच्या रुळाला लावलेलं, ज्याला वाकळ जोडतो ते कापड फाटलंय, त्याला इथं काय वापरता येईल? आणि भरावाचा कापूस रुंद पन्ह्यात कुठं मिळतो?

सरळसोट
कुठलं मशीन?

पेठेतली_लेक
लाँगआर्म. वर लिहिलंय की.

सरळसोट
ताई, ते कळलं. कंपनी, मॉडेल, नवं की जुनं, दोरा कुठला, सुई कितीची, टाके सगळीकडं सुटतात की एखाद्याच जागी? निदान एवढं तरी लिहा. नुसतं "पोटात दुखतंय" म्हटल्यावर डॉक्टर तरी काय करणार?

पेठेतली_लेक
पांढरं आहे. मोठं आहे. भावानं अमेरिकेतून वापरलेलं घेऊन कंटेनरमधून पाठवलं. सुईपासून मागच्या खांबापर्यंत बावीस इंच. दोरा नेहमीचाच. आधी नीट चालत होतं हो, म्हणून तर विचारतेय.

निवांत
अडाणी प्रश्न. लाँगआर्म म्हणजे काय? आमच्या घरी पायमशीन आहे, तिचा हात लांबच आहे.

ओहायोची_काकू
निवांत, घरच्या मशीनवर आपण कापड सुईखाली सरकवतो. इथं उलटं. वरचं जोडकाम, मधला भराव आणि खालचं अस्तर असे तिन्ही थर लांब रुळांवर गुंडाळून आडवे ताणलेले असतात, आणि मशीनचं डोकं चाकांवर बसून त्यांच्यावरून पुढं-मागं, डावी-उजवीकडं फिरतं. दोन्ही हातांनी मूठ धरून चित्र काढल्यासारखं शिवायचं. चाकांना सेन्सर असतो. तुम्ही हळू फिरवा की जोरात, टाका सारखाच पडावा म्हणून तो मोटरला वेग सांगतो.
लेकी, आता तुझ्याकडं वळते. मी तेरा वर्षं हेच करतेय. टाके कुठल्या दिशेनं जाताना सुटतात?

उद्यमनगरी
टायमिंग गेलंय. डोळे झाकून सांगतो. कंटेनरमधून आलंय म्हटल्यावर हादरे बसलेच असणार. सुई खालच्या टोकाला जाऊन साधारण दोन-सव्वादोन मिलिमीटर वर आली की खाली बॉबिनभोवती फिरणाऱ्या हुकाचं टोक बरोबर सुईमागच्या खाचेत, नेढ्याच्या जरा वर यायला पाहिजे. तिथं वरच्या दोऱ्याचा फास तयार होतो आणि हुक तो पकडतो. हुक उशिरा आला तर फास निसटला, टाका सुटला. हुकाचे स्क्रू ढिले करा, फिरवा, कसा. अर्ध्या तासाचं काम. नाहीतर इकडं या, उद्यमनगरात लेथवर बसलेलं पोरगंसुद्धा करून देईल.

ओहायोची_काकू
दादा, हात जोडते, तिला हुकाचे स्क्रू ढिले करायला सांगू नका. एकदा सुटले की बसवताना रडू येतं. टायमिंग कंटेनरमध्ये गेलं असतं तर पहिल्या दोन वाकळा शिवून झाल्याच नसत्या. आधी सुई, मग दोरा, मग ताण, आणि सगळ्यात शेवटी टायमिंग.

उद्यमनगरी
तेवीस वर्षं मशीनशीच खेळतोय मॅडम. क्विल्टिंगचं नसेल, पण हुक म्हणजे हुक.

ओहायोची_काकू
असेल हो. पण या मशीनची सुई चहूबाजूंनी ओढली जाते. तुमच्या शिलाई मशीनची एकाच दिशेनं.

हर्ट्झ_पन्नास
कुणी विजेचं विचारलंच नाही. अमेरिकेतलं मशीन म्हणजे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडं २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावला असेल तरी तो व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. मोटर हळू फिरत असणार, म्हणून टाके सुटतात.

सरळसोट
मोटर हळू फिरल्यानं टाका सुटत नाही. हाताने चाक फिरवून शिवलं तरी टाका पडतोच की.

हर्ट्झ_पन्नास
तुम्ही इलेक्ट्रिकल केलंय का?

सरळसोट
शिलाई केलीय.

पेठेतली_लेक
ट्रान्सफॉर्मर आहे. त्याचा काय संबंध? पहिल्या दिवसापासून तोच आहे.
काकू, दिशेचं बघितलं. डावीकडून उजवीकडं नेताना सुटतात, उजवीकडून डावीकडं येताना जवळजवळ नाही. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. गोल काढला की अर्धा गोल चांगला आणि अर्धा गेलेला.

ओहायोची_काकू
आता कसं! एका दिशेला सुटतात म्हणजे सुई वाकतेय आणि हुकापासून लांब जातेय. आता खरं सांग, आठवड्यापूर्वी काय बदललंस? "काहीच नाही" म्हणू नकोस.

पेठेतली_लेक
काहीच नाही. सुई मोडली होती, नवीन घातली. सुई तर सुई.

सरळसोट
😀

ओहायोची_काकू
कुठली सुई? पुड्यावर काय छापलंय ते अक्षर न् अक्षर लिही.

आजीची_वाकळ
अवांतर: आमची आजी कागलची. जुनी लुगडी, धोतरं, आजोबांच्या सदऱ्याच्या पाठी असं सगळं एकावर एक घालून मांडी घालून बसायची, आणि कडेपासून आत-आत चौकोन करत धावदोरा घालत जायची. दाभण, जाड दोरा, बस्स. टेन्शन नाही, हुक नाही, ट्रान्सफॉर्मर नाही. एका वाकळेला महिना लागायचा, आणि ती वाकळ अजून माझ्या पोरांच्या अंगावर आहे. मशीनवर शिवलेली ती वाकळ कसली? वाकळेत बाईचा हात दिसायला पाहिजे. आमच्याकडं एका वाकळेला तर शाहू मिलच्या कापडाचा थर होता म्हणे. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये काढली ती मिल.

पेठेतली_लेक
आजी थोर होत्या. मला महिन्याला आठ द्यायच्यात. वरचं जोडकाम सगळं हातानंच केलंय, जुन्या इरकली आणि नऊवारीचं. मशीनवर फक्त थर एकत्र धरते.
काकू, पुड्यावर "डीबी × १" आणि "१६" आहे. दुकानदार म्हणाला, जुकी कंपनीच्या मशीनला हीच चालते.

ओहायोची_काकू
मिळालं. लेकी, ही सुई तुझ्या मशीनची नाही. डीबी × १ ही साध्या इंडस्ट्रियल शिलाई मशीनची, तिचा दांडा साधारण १.६ मिलिमीटर जाडीचा. बऱ्याच लाँगआर्मला १३४ नंबरची सुई लागते, तिलाच डीपी × ५ म्हणतात, तिचा दांडा २ मिलिमीटर. लांबी जवळपास सारखीच, म्हणून ती बसते आणि शिवतेही, आणि इथंच माणूस फसतो. भोक मोठं, दांडा बारीक, त्यामुळं स्क्रू आवळला की सुई एका बाजूला चेपून बसते. हुकापाशी मोजायचं अंतर कागदाच्या जाडीचं, आणि तू तिथं इतकी ढील दिलीस. आधीची मोडलेली सुई टाकून दिलीस का?

पेठेतली_लेक
देव्हाऱ्यातल्या डबीत आहे. मोडकी सुई केरात टाकत नाही आम्ही. थांबा.
...
खरंच की. दोन्ही शेजारी धरल्या तर जुनीचा दांडा जाड दिसतोय. जुनीवर बारीक अक्षरात १३४ आहे, भिंगातून वाचलं.

उद्यमनगरी
हे आधी सांगायचं होतं ना ताई. दोन मिलीच्या भोकात एक पॉइंट सहाचा दांडा म्हटल्यावर कोण टायमिंग बघेल? मानलं काकू.
डीपी × ५ इचलकरंजीला सहज मिळेल. तिथं गारमेंटची युनिटं आहेत, त्यांच्या मशीनच्या सुट्या भागांच्या दुकानात विचारा. पुडा हातात घेऊन वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

ओहायोची_काकू
१६ ऐवजी १८ आण. १६ म्हणजे पातं १ मिलिमीटरचं, १८ म्हणजे १.१. तुझ्या इरकली काठांच्या शिवणी जाड आहेत, तिथं १६ वाकेल. आणि या सुईच्या दांड्याला घरगुती सुईसारखी चपटी बाजू नसते, पूर्ण गोल असते, म्हणजे ती वाकडी फिरवूनही बसते. लांब खोबण तुझ्याकडं, खाच मागं हुकाकडं. नेढ्यात एक टाचणी घालून बघ, टाचणी सरळ तुझ्याकडं आली पाहिजे. जरा डावी-उजवीकडं कलली की परत टाके सुटणार.

हर्ट्झ_पन्नास
मशीनच्या मागं पट्टी असेल, तिच्यावर व्होल्टेज लिहिलेलं असतं. ती तरी वाचा.

पेठेतली_लेक
वाचली. "१००-२४०, ५०/६०" असं लिहिलंय.

हर्ट्झ_पन्नास
मग ट्रान्सफॉर्मरची गरजच नव्हती. थेट लावा. फक्त अर्थिंग नीट आहे का ते वायरमनकडून बघून घ्या, पेठेतली जुनी घरं म्हणजे भरवसा नाही.

पेठेतली_लेक
त्या ट्रान्सफॉर्मरला मी हळदीकुंकू वाहत होते. असो.

गोकुळशिरगावकर
दोऱ्याचं कुणी बोललं नाही. "नेहमीचा" म्हणजे शिंप्याचा रिळावरचा ना? तो फार लव सोडतो. बॉबिन केसखाली बघा, लवेचा ससा निघेल. मशीनवर एम्ब्रॉयडरी करणारे जे पॉलिएस्टरचे कोन वापरतात ना, १२०/२ डेनियरचे (डेनियर म्हणजे दोऱ्याच्या जाडीचं माप), ते घ्या. क्विल्टिंगवाले ज्याला ४० नंबर म्हणतात तो जवळपास तोच. कोन उभा ठेवायचा आणि दोरा सरळ वरून घ्यायचा, आडवा ओढला की पीळ पडतो.

ओहायोची_काकू
बरोबर. दर बॉबिनला हुकातली लव ब्रशनं काढ आणि तेलाचा एकच थेंब. एकच!

तेल_घाला
तेल घाला. आमचं पायमशीन असंच करत होतं, तेल घातलं, चाललं.

आजीची_वाकळ
एक थेंब म्हणाल्या त्या.

ओहायोची_काकू
बॉबिन केस दोऱ्याला धरून लोंबकळव. सरळ खाली घसरत गेली तर ढिली, हललीच नाही तर घट्ट. हात जरा झटकल्यावर थोडी खाली येऊन थांबली पाहिजे. ते जमल्याशिवाय वरच्या टेन्शनला हात लावू नकोस.
आता शेवटचं. वाकळ फ्रेमवर किती ताणलीयस?

पेठेतली_लेक
चांगली ताणलीय. हलगीसारखी वाजते.

ओहायोची_काकू
अगं! तिथंच अर्ध्या सुया मोडतात. खालून एक बोट वर दाब, आणि वरच्या हातानं ते बोट कापडासकट चिमटीत धरता आलं पाहिजे. धरता आलं नाही तर ढील दे. ताणलेल्या कापडात सुई वर येताना कापडही वर उचललं जातं, फास होत नाही, आणि डोकं सरकलं की सुई अडकून वाकते.

उद्यमनगरी
फ्रेम कुठं ठेवलीय? जमीन सपाट आहे का?

पेठेतली_लेक
माडीवर. बारा फुटी आहे, खाली मावत नव्हती. फळ्यांची जमीन आहे. मशीन सोडलं की हळूहळू खिडकीकडं जातं, मला वाटलं चाकं चांगली आहेत.

उद्यमनगरी
😂 चाकं चांगलीच आहेत ताई, माडी उताराला आहे. पाणसळ घ्या, लांबीला आणि रुंदीला दोन्हीकडं लावा, फ्रेमच्या पायांचे स्क्रू फिरवून लेव्हल करा. नाहीतर हात सतत मशीनला ओढत राहणार आणि गोलाचा अंडा होणार. आणि पावसात रुळांवर गंज धरतोय का बघा. कोरड्या फडक्यानं पुसा, चाकांना तेल अजिबात नको.

ओहायोची_काकू
सेन्सरची चाकंही पूस. दोऱ्याचा तुकडा गुंडाळला गेला की टाका कुठं लांब, कुठं बारीक पडतो.

पेठेतली_लेक
लीडर आणि कापूस राहिलं. कुणी सांगेल का?

गोकुळशिरगावकर
लीडरला मांजरपाट, दुहेरी करून. आधी धुवून आटवून घ्या. आपल्या कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला ठोकात मिळेल. मधोमध पेनानं रेघ मारून ठेवा, दर वेळी वाकळ मधे बसवायचा त्रास वाचतो.

निवांत
कापूस पिंजाऱ्याकडून घ्या की, स्वस्त.

ओहायोची_काकू
नको. पिंजलेला सुटा कापूस गादीत चालतो, कारण तिथं टाचे असतात. वाकळेत दोन धुण्यांत गठ्ठे होऊन कोपऱ्यात जातात. सुयांनी टोचून एकसंध केलेली चादर घे, आणि त्यातही शिवणींत किती अंतर चालेल ते पाकिटावर वाच.

पेठेतली_लेक
*(दोन दिवसांनी)*
इचलकरंजीला जाऊन आले. डीपी × ५, १८ नंबरच्या दहा सुया. दुकानदारानं आधी डीबीच काढून दिली, मी म्हटलं पुडा दाखवा. टाचणी घालून सरळ बसवली. कापडाला ढील दिली, तर इतकी सैल वाटली की मला वाटलं आता सगळं गोळा होणार. नाही झालं. शिंप्याचा दोरा काढून निळा कोन लावला. बॉबिन केसखालून खरंच ससा निघाला, करड्या रंगाचा.
पूर्ण रांग शिवली, दोन्ही दिशांनी, एकही टाका सुटला नाही. फक्त नऊवारीच्या काठावर, जिथं चार शिवणी एकत्र येतात, तिथं अडखळतंय. तेवढ्या जागी मी हातानं चाक फिरवते.
फ्रेमच्या दोन पायांखाली सध्या जुने रुपये ठेवलेत. पाणसळ मामांकडं आहे, ते रविवारी येतील.

उद्यमनगरी
रुपये काढा, पायांना स्क्रू असतात. फोटो टाका, सांगतो.

निवांत
ऑर्डरमधल्या एका वाकळेला किती घेता?

पेठेतली_लेक
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.